शेवटी उरलेला गडी

शाळेच्या वेळापत्रकात गणिताचा तास असतो, भूगोलाचा असतो, मराठीचा असतो. या तासांना मुलाच्या डोक्यात काय आहे एवढेच पाहिले जाते, आणि तेही बहुधा वहीच्या पानावर. गणित चुकले तर वही मिटता येते. भूगोलात चेरापुंजी राजस्थानात नेऊन ठेवली तरी ती चूक मास्तर आणि आपण यांच्यातच राहते. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा घंटा होते, सारा वर्ग रांगेने पटांगणावर उतरतो आणि पी. टी. चा तास सुरू होतो. तिथे मिटायला वही नसते. उंची, जाडी, काळेसावळेपणा, पायातले बूट, धावताना लागणारी धाप, सारे उन्हात उघडे पडते आणि पन्नास-साठ जोडी डोळे ते पाहत असतात.

तासाला पुष्कळ मुले आनंदाने उड्या मारीत जातात हे खरेच आहे. वेळापत्रकातला हाच एक तास पाठ असणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. परंतु त्याच वर्गात दोन-चार मुले अशीही असतात, की ज्यांचे त्या दिवशी सकाळपासून पोट दुखते. आई कपाळाला हात लावून पाहते, ताप नसतो. वडील म्हणतात, ‘‘ढोंग आहे सारं!’’ ढोंग असेलही; पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला असे ढोंग करावेसे का वाटावे, हे विचारायला आपल्याला सवड नसते. दिवाळीच्या सुटीत मुले घरी आहेत, आपणही थोडे निवांत आहोत. तेव्हा या पोटदुखीचा विचार करायला हरकत नाही.

गडी वाटून घेण्याचा प्रकार

आपल्यापैकी प्रत्येकाने तो प्रकार पाहिलेला आहे. सर दोन तगड्या मुलांना पुढे बोलावतात आणि ‘‘गडी वाटून घ्या’’ म्हणून सांगतात. पहिला बोट दाखवतो, दुसरा बोट दाखवतो. चपळ मुले आधी जातात, मग मित्र, मग मित्रांचे मित्र. घोळका लहान लहान होत जातो. अखेरीस दोनच मुले उरतात; एक अंगाने स्थूल आणि एक काडीसारखा, किंवा एक चष्मेवाला आणि एक वर्गात नवा आलेला. मग शेवटचा संवाद होतो: ‘‘याला तू घे.’’ ‘‘नको, तूच घे!’’

खेळ अर्धा तास चालतो आणि विसरला जातो. हा संवाद मात्र विसरला जात नाही. पन्नाशी उलटलेली, मोठमोठ्या हुद्द्यांवर असलेली माणसे तो सांगताना अजून हसण्याचे सोंग करतात. मुलाला त्या क्षणी कबड्डीचा किंवा क्रिकेटचा धडा मिळालेला नसतो. आपले शरीर ही कोणालाही नको असलेली वस्तू आहे, असा धडा मिळालेला असतो.

मौज अशी, की आपल्या वाड्यांतून आणि चाळींतून खेळणाऱ्या पोरांना याच्यावरचा उपाय फार पूर्वीच सापडला होता. त्याला ते ‘लिंबूटिंबू’ म्हणत. लहान भाऊ, नुकतीच आजारातून उठलेली बहीण, कोणाकडे पाहुणा आलेला बुजरा मुलगा असे सारे लिंबूटिंबू म्हणून खेळात शिरत. त्यांच्यावर राज्य येत नसे, ते बाद होत नसत, पण धावत मात्र सर्वांबरोबर असत. अशी धावता धावता ती मुले एक दिवस तयार होत आणि स्वतःच सांगत, ‘‘आता मला लिंबूटिंबू धरायचं नाही हं!’’ शिक्षणशास्त्राचे नावही न ऐकलेल्या पोरांनी केवढी सोय करून ठेवली होती! शाळेच्या पटांगणावर मात्र आपण मुलांना रांगेत उभे करतो, शिट्टी वाजवतो आणि पहिल्या दिवसापासून सर्वांना एकाच मापाने मोजू लागतो.

मापे आणि त्यांचा अर्थ

मापाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजन यांचे रकाने असतात. वजनकाट्यावर एकामागून एक मुले चढतात, कोणीतरी आकडा मोठ्याने वाचतो आणि कोणीतरी लिहून घेतो. तो मोठ्याने वाचलेला आकडा पुढे वर्षभर त्या मुलाच्या मागे लागतो.

अलीकडे उंची आणि वजन यांचे एक गुणोत्तरही सर्वांच्या तोंडी झाले आहे. वजनाचे किलोग्रॅम घ्यायचे आणि उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागायचे. या हिशेबाचा जनक अडॉल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलवेत्ता आणि संख्याशास्त्रज्ञ. १८३० च्या दशकात तो माणसांच्या मोठमोठ्या समूहांची सरासरी काढीत होता. एका एका माणसाची प्रकृती तपासण्याचा त्याचा हेतूच नव्हता. पुढे १९७२ साली अमेरिकेतील संशोधक अँसेल कीज यांनी त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. डॉक्टरांना त्याचा उपयोग आहे, यात शंका नाही. परंतु वाढत्या वयाच्या मुलांसाठी तो आकडा नुसता घेऊन चालत नाही. मुलगा की मुलगी आणि वय किती, हे पाहून वाढीच्या आलेखावर तो मांडावा लागतो. पटांगणावर ‘‘तुझा इतका आला रे!’’ म्हणून ओरडण्याजोगा तो आकडा नव्हे.

आणि वाढ तरी सर्वांची एका घंटेला कुठे सुरू होते? वयात येण्याची पहिली चिन्हे मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वर्षांत केव्हाही दिसू लागली तरी ते स्वाभाविकच समजतात. म्हणजे सातवीच्या एकाच बाकावर बसलेली दोन मुले जन्मतारखेने एका वयाची असली तरी शरीराने त्यांच्यात तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. एकाला मिसरूड फुटू लागलेले असते, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. या दोघांना एका रेषेवर उभे करून शर्यत लावली तर कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको. पण बक्षीस मिळते ते मिसरूड फुटलेल्याला, आणि ‘तुझ्यात दम नाही’ हा शेरा मिळतो तो दुसऱ्याला. शेरा खरा मानून तो मुलगा खेळ सोडतो. दोन वर्षांनी त्याचीही उंची सपाट्याने वाढते. परंतु तोपर्यंत त्याने मैदानाकडे पाठ फिरवलेली असते.

ही केवळ कल्पना नाही. १९८० च्या दशकात कॅनडात आइस हॉकीच्या निवडक संघांतील खेळाडूंच्या जन्मतारखा तपासण्यात आल्या. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या त्यांत प्रमाणाबाहेर जास्त निघाली. कारण अगदी साधे होते. वयोगटाची गणना जानेवारीपासून होई. जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठा, म्हणून अंगाने थोराड. शिक्षकांना तो ‘हुशार’ वाटे, त्याला जास्त सराव मिळे, आणि सरावाने तो खरोखरच हुशार होई. ज्याला आपण उपजत गुण म्हणतो, त्यात पंचांगाचाही वाटा असतो तो असा!

घरातली शिट्टी

दोष एकट्या शाळेला देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. दिवाळीला सारे नातेवाईक जमतात. आत्या, मामा, काका यांच्या तोंडचे पहिले वाक्य काय असते? ‘‘अगं, केवढी सुटलीस!’’ नाहीतर ‘‘किती वाळलास रे! आई जेवायला घालत नाही का?’’ पुढच्याच क्षणी त्या मुलीपुढे चकल्या-करंज्यांचे ताट येते. तिने खाल्ले तर सारे एकमेकांकडे पाहतात, आणि नाही खाल्ले तर ‘हल्लीच्या मुलींची थेरं’ म्हणून नाके मुरडतात. बिचारीने करावे तरी काय?

पूर्वी असल्या बोलण्याला चार भिंती होत्या. आता खिशात फोन आहे. स्नेहसंमेलनाची, सहलीची, संचलनाची छायाचित्रे घरी पोहोचण्याआधी वर्गातल्या सर्वांच्या हातांत पोहोचतात. धावताना तोंड वाकडे झालेले चित्र निवडून, त्याखाली मजकूर लिहून, गावभर फिरवणारे महाभाग सगळ्याच वर्गांत असतात. दुसरीकडे त्याच फोनवर व्यायामशाळेतली घोटीव शरीरे आणि रंगरंगोटी करून गुळगुळीत केलेले चेहरे अहोरात्र दिसत असतात. मुलगा आरशात पाहतो, फोनमध्ये पाहतो आणि शरीर सुधारण्याऐवजी लपवायला लागतो. लपवायचे तर पटांगणावर जायचे नाही, हे ओघानेच आले.

पांढरा गणवेश

मुलींची अडचण आणखी एका पायरीने पुढची आहे. तिच्याविषयी घरातसुद्धा कुजबुजतच बोलतात, म्हणून इथे स्पष्ट लिहिणे बरे.

पुष्कळ शाळांत पी. टी. च्या दिवशी पांढरा गणवेश असतो. पांढरा रंग स्वच्छतेचा आणि शिस्तीचा. रांगेत तो शोभूनही दिसतो. पण सातवी-आठवीतल्या मुलीला महिन्यातले चार दिवस त्या पांढऱ्या रंगाची किती धास्ती असते, हे गणवेश ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत बहुधा कोणी बोललेले नसते. डाग पडेल या भीतीने ती धावत नाही, उडी मारीत नाही, कित्येकदा शाळेतच येत नाही. सरांना कारण सांगता येत नाही, म्हणून ती ‘आळशी’ ठरते. ही भीती शाळकरी पोरींचीच आहे असेही नाही. विम्बल्डनच्या हिरवळीवर खेळणाऱ्या जगज्जेत्या बायकांनाही ती होती. अखेर तिथल्या नियमकर्त्यांनी २०२३ सालापासून स्त्री खेळाडूंना पांढऱ्या पोशाखाच्या आत गडद रंगाची चड्डी घालण्याची मुभा दिली. शंभर वर्षांहून जुनी परंपरा सांगणाऱ्या विम्बल्डनला जे जमले, ते आपल्या शाळेच्या समितीला जमू नये काय?

‘मुलींना झेपत नाही’ हे वाक्य तर जगात सगळीकडे सारखेच जुने आहे. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पुरी केली. जर्मनीची लीना राडके जागतिक विक्रम करून पहिली आली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून हिरवळीवर बसल्या वा आडव्या झाल्या, जसे पुरुषही होतात. परंतु वृत्तपत्रांनी ‘बायका कोसळल्या’ असा गिल्ला केला, आणि तेवढ्यावर ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. ती परत यायला १९६० साल उजाडावे लागले. नऊ जणींनी पुरी केलेली शर्यत बत्तीस वर्षे ‘न झेपणारी’ म्हणून गणली गेली!

आपल्याकडे १९५२ साली हेलसिंकीला भारताच्या संघातून चार मुली गेल्या होत्या: धावपटू नीलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसूझा, तर जलतरणपटू डॉली नाझीर आणि आरती साहा. आरती तेव्हा बारा वर्षांचीही नव्हती. पुढे १९५९ साली तिनेच इंग्लिश खाडी पोहून पार केली. ज्या वयाच्या मुलीला आपण ‘‘आता मोठी झालीस, उड्या मारणं पुरे’’ असे म्हणतो, नेमके तेच ते वय.

या म्हणण्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून २०१९ साली प्रसिद्ध केली. रोज सरासरी एक तास अंगमेहनत व्हावी, अशी अपेक्षा असते. ती १०० पैकी ८१ मुलांची होत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण ७८ होते आणि मुलींत ८५.

मुलांनाही या बाबतीत सुख आहे असे समजू नये. ज्या मुलाला कुस्ती-कबड्डीपेक्षा दोरीवरच्या उड्या किंवा लेझीम बरी वाटते, त्याला ‘बायल्या’ म्हणून हाक मारली जाते. आणि जी मुलगी मुलांच्या बरोबरीने चेंडू फेकते तिच्या चालण्याची नक्कल होते. आपण कोण, हे जेमतेम उमजू लागण्याच्या वयात दुसऱ्यांनी दिलेली असली नावे फार खोल जातात.

बूट, पटांगण आणि पेला

आता शरीराकडून थोडे खिशाकडे वळू. सगळी मुले एका रेषेवर उभी राहिली म्हणजे सगळी सारखी झाली, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात एकाच्या पायात काही हजारांचे बूट असतात, दुसऱ्याच्या पायात मोठ्या भावाचे, पुढे कापूस कोंबलेले, आणि तिसरा अनवाणी असतो. एक जण सकाळी दूध-अंडे घेऊन आलेला असतो, दुसरा चहात पोळी बुडवून. एक संध्याकाळी जलतरण तलावावर जातो, दुसरा धाकट्या भावंडांना सांभाळतो. शिट्टी एकच वाजते. पण शर्यत तिच्या आधीच सुरू झालेली असते.

पटांगणाचेही तेच. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान आणि खेळाचे साहित्य हवे, असे त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ का होईना, शिक्षक हवा, असेही त्यात आहे. कायदा चांगला आहे. पण मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एखाद्या इमारतीच्या दोन मजल्यांवर भरणाऱ्या शाळेचे ‘मैदान’ म्हणजे पुष्कळदा वाहने उभी करण्याची जागा असते. ज्याच्या घराच्या आवारात बाग आणि खेळायला जागा आहे त्याचे शाळेवाचून अडत नाही. ज्याच्या घरात पाय पसरायला जागा नाही, त्याच्यासाठी शाळेचे पटांगण हेच एकुलते एक पटांगण असते. म्हणून पी. टी. चा तास बुडतो तेव्हा तो सर्वांचा सारखा बुडत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत पुढे आली. २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. आपण तिचे कौतुक करतो ते योग्यच आहे. पण ‘बघा, बुटांवाचून काही अडलं का?’ असा त्यातून अर्थ काढणे बरे नव्हे. एक कविता दिसली. काटा रुतल्यामुळे, भूक लागल्यामुळे, पाणी भरायचे असल्यामुळे ज्या मागे राहिल्या, त्यांची नावे आपल्याला कोण सांगणार?

आणि मैदानावर उतरू दिले म्हणजे बरोबरी झाली, असेही होत नाही. पालवणकर बाळू यांची हकीकत या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. चांभार समाजात जन्मलेले बाळू हे त्या काळातले हिंदुस्थानचे अव्वल डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात ते सरावाला गोलंदाजी करीत. त्यांच्या गोलंदाजीवाचून सामने जिंकता येत नाहीत असे पाहून हिंदूंच्या संघाने त्यांना खेळायला घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी हातात घ्यायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांना मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा! याच बाळूंनी १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. गुण एवढा असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद काही त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही पुष्कळ वादावादीनंतर. आज तसली भांडी दिसत नाहीत. पण कोणाच्या बाटलीतले पाणी कोण पिते आणि कोणाला कोणाच्या गटात घेतात, हे पटांगणाच्या कडेला उभे राहून एकदा शांतपणे पाहावे.

कडेला बसलेली मुले

पटांगणाच्या कडेला एक कट्टा असतो. तिथे सर्वांच्या चपला आणि दप्तरे असतात, आणि ती राखायला एक मूल बसलेले असते. त्याच्या पायात दोष असतो, नाहीतर त्याला कमी दिसते, नाहीतर दमा असतो. ‘‘तू बस हं, सामान सांभाळ,’’ असे त्याला प्रेमाने सांगितलेले असते. प्रेम खरे असते. पण वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या चपला राखणाऱ्या मुलाला त्यातून काय समजत असेल?

२०१६ सालचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा सांगतो, की अशा मुलांना इतरांच्या बरोबरीने शिक्षणाची, तसेच खेळाची आणि करमणुकीची संधी शाळेने द्यावी. ती दिली तर काय होते, याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. ते पोहू लागले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारतीयाने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय.

दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींना मल्लखांब शिकवला. ज्यांना खांब दिसत नाही त्या मुली हाताने, पायाने, अंगाने तो ओळखतात आणि त्यावर सरसर चढतात. मल्लखांबासारखा कठीण प्रकार जर असा शिकवता येतो, तर लंगडी, लगोरी आणि खो-खो यांत थोडा फेरफार करून सर्वांना सामावून घेणे अशक्य खास नाही.

सरांची बाजू

इथपर्यंत वाचून पी. टी. चे सर रागावले असतील तर तो राग रास्त आहे. एका सरांच्या वाट्याला साठ-सत्तर मुले, दोन चेंडू आणि एक शिट्टी. परीक्षा जवळ आली की त्यांचाच तास गणिताला द्यायचा. पाहुणे आले की रांगा लावायच्या त्यांनीच, सुटीच्या वेळी फाटकावर उभे राहायचे त्यांनीच, आणि वर्षाखेर ‘शाळेला ढाली किती आल्या?’ असे विचारले जाणार तेही त्यांनाच. ढाली हव्या म्हटल्यावर सर दहा तरबेज मुलांकडे लक्ष देणार आणि पन्नास मुलांना ‘‘तुम्ही खेळा रे तिकडे’’ म्हणणार, हे उघड आहे. त्यांच्याकडून वेगळे हवे असेल तर मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी त्यांना विचारायचे प्रश्नच बदलले पाहिजेत.

‘‘आमच्या वेळी असले नाजूक चोचले नव्हते,’’ असे म्हणणारे आजोबाही असतील. ‘‘सर मारायचे, आम्ही धावायचो, काही बिघडलं नाही!’’ पण आजोबा, तुमच्या वर्गातले जे बिघडले ते आज इथे सांगायला आलेले नाहीत. ज्यांना धावणे म्हणजे शिक्षा असे वाटले ते पुढे आयुष्यभर धावलेच नाहीत. उशीर झाला, घाल मैदानाला पाच फेऱ्या. बोललास, काढ उठाबशा. व्यायामाचीच शिक्षा केली तर मुलांना व्यायामाचा कंटाळा येणारच. मराठीच्या सरांनी शिक्षा म्हणून कविता वाचायला लावली असती तर कवितेचे जे झाले असते, तेच इथे व्यायामाचे झाले आहे.

खाशाबांचे माप

स्पर्धा नकोच, असे मात्र माझे म्हणणे नाही. स्पर्धेत गोडी आहे, आणि हरण्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणणे एवढेच, की कोण स्पर्धेत उतरू शकेल हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. उंची अवघी साडेपाच फुटांच्या आत-बाहेर, अंगाने किडकिडीत. वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा त्यांची अंगकाठी पाहूनच क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला, असे सांगतात. खाशाबा प्राचार्यांकडे गेले, त्यांनी परवानगी दिली, आणि या ‘किडकिडीत’ पोराने आपल्याहून थोराड मल्लांना चीत केले. १९४८ साली लंडनला ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

या गोष्टीत खाशाबांचे जिद्दीचे कौतुक नेहमी होते. मला त्यातला दरवाजा महत्त्वाचा वाटतो. एकाने तो अंगकाठी पाहून लावला, दुसऱ्याने उघडला. दुसरा दरवाजा उघडला नसता तर खाशाबांमध्ये काय होते, हे कोणालाच कळले नसते, कदाचित खाशाबांनाही.

करता येण्याजोगे

यातले पुष्कळसे पैशांवाचून करता येते. गडी वाटायचे ते सरांनी वाटावे, चिठ्ठ्या टाकून किंवा हजेरीच्या क्रमांकाने. मुलांकडून निवडून घेऊ नये. उंची-वजन घ्यायचे ते एकेकाला आत बोलावून घ्यावे आणि आकडा घरच्यांना सांगावा. शर्यतीत पहिल्या तिघांबरोबर, मागच्या महिन्यापेक्षा ज्याने स्वतःची वेळ सुधारली त्याचेही नाव फळ्यावर लिहावे. त्यात शेवटून पहिला येणाराही सन्मानाने बसतो. पांढऱ्याऐवजी गडद रंगाची विजार ठेवावी. मुलींना कोणाशी बोलायचे असेल तर शाळेत एक बाई नेमून दिलेल्या असाव्यात. बुटांची सक्ती असेल तर जुने पण धड बूट जमवून गुपचूप देण्याची सोय शाळेत असावी. सगळ्यांना एकच खेळ न लावता दोन-तीन ठेवावेत, म्हणजे ज्याला कबड्डी जमत नाही त्याला दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार किंवा लेझीम तरी जमेल.

आणि खो-खोला विसरू नये. दोन खांब आणि सपाट जमीन एवढेच ज्याला लागते, त्या आपल्या या खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. भारताच्या पुरुषांनी आणि स्त्रियांनी दोघांनीही तो जिंकला, आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. खो देणाऱ्याच्या अंगात फार ताकद लागत नाही. लागते ती नजर, पळण्याची हौस आणि आपल्या पाठीशी बसलेल्या गड्यावरचा विश्वास.

घरी करायचे ते याहून सोपे आहे. या सुटीत पाहुण्यांपुढे मुलांच्या जाडी-बारीकपणाचा विषय निघाला, तर यजमानांनी तो हळूच फराळाकडे वळवावा. संध्याकाळी आपणच मुलांबरोबर अर्धा तास बाहेर पडावे. आपली धाप मुलांना दिसली तर बिघडत नाही; उलट धाप लागण्यात लाजण्यासारखे काही नाही हे त्यांना कळते. आणि सुटी संपून शाळा उघडली की पी. टी. च्या दिवशी ‘‘कितवा आलास?’’ असे विचारण्याऐवजी ‘‘आज कोण कोण खेळलं?’’ असे विचारावे. उत्तरात जी नावे येणार नाहीत, त्यांच्याबद्दल पुढचा प्रश्न करावा. एखाद वेळी असेही होईल, की न आलेले नाव उत्तर देणाऱ्याचेच असेल. तसे झाले तर ढोंग म्हणू नये. त्याला जवळ बसवून नीट विचारावे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सरांना भेटावे.